वरचं दार

सकाळपासून ठोकळ्याच्या टेबलाची एकही खुर्ची रिकामी राहिली नव्हती, आणि त्यामुळे त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तसं टेबल होतं सगळ्यात वाईट जागी. खेळांच्या प्रदर्शनाचा तो हॉल केवढा थोरला. पुढच्या बाजूला मोठमोठ्या कंपन्या, त्यांचे दिवे, पडदे, माणसापेक्षा उंच पुठ्ठ्याचे राक्षस. आणि पार मागे, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, आपापल्या घरी बसून खेळ बनवणारे सुटे लोक. प्रत्येकाला एक टेबल, चार खुर्च्या, एक काळी चादर. चादर धुतलेली नव्हती.

"बसवलंय कुठं, तर संडासाच्या तोंडाशी," मामा आल्या आल्या म्हणाला. "बरंच आहे की. आज ना उद्या सगळ्यांना यावंच लागणार."

मामा म्हणजे ठोकळ्याच्या आईचा धाकटा भाऊ. फर्निचरच्या कारखान्यात सुतार. ठोकळ्या हे नाव त्यानंच पाडलेलं. उरल्यासुरल्या लाकडाचे ठोकळे तो भाच्याला आणून द्यायचा आणि भाचा त्यांचे मनोरे रचायचे सोडून ते चावत बसायचा. आता भाच्याचं लग्न झालं, कपाळ मागे सरकत चाललं, तरी घरात तो ठोकळ्याच. बाहेरही हळूहळू तेच झालं.

खेळाचा पाट मामानंच केला होता. शिसवी रंगाची फळी, मधून कोरलेली वाकडीतिकडी नदी, नदीवर एकाखाली एक चार गावं. प्रत्येक गावाला एक दार. दार म्हणजे खाचेत बसणारी पितळी पट्टी, वर ओढली की उघडं, खाली दाबली की बंद. नदीच्या वरच्या टोकाला धरण, दर फेरीला त्यात पाण्याचे निळे मणी ओतायचे. सगळ्यात वरच्या गावानं दार उघडलं की मणी घरंगळत दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. प्रत्येकानं आपल्याला लागेल तेवढं पाणी ठेवायचं, बाकीचं खाली सोडायचं. पाण्यावर धान्य पिकवायचं, धान्य देऊन घेऊन घरं बांधायची. ज्याची घरं जास्त तो जिंकला. मणी खाली जाताना जो आवाज यायचा ना, खुळुखुळु, त्या आवाजावर माणसं वळून बघायची. संडासला निघालेला माणूसही थांबायचा.

"काय आहे हो हे?"

"बसा की," ठोकळ्या म्हणायचा. "बसलात की कळतंय."

आणि तो स्वतः बसायचा. मामाही बसायचा. त्यांची पद्धतच तशी होती. घरी रोज जेवण झाल्यावर टेबल पुसून खेळ मांडला जायचा. आई वयानं मोठी म्हणून सगळ्यात वरच्या गावाला, मग मामा, मग ठोकळ्याची बायको, आणि सगळ्यात खाली ठोकळ्या. खाली बसलं की वरून सगळं कसं येतंय ते नीट दिसतं, असं त्याचं म्हणणं. इथं आई नव्हती, म्हणून वर मामा बसला. मध्ये दोन पाहुणे. मामा दर वेळी दार वर ओढायचा, "घ्या, प्या, मजा करा!" म्हणायचा, मणी खळखळायचे, पाहुणे हसायचे. उठताना म्हणायचे, "छान आहे हो. कुठं मिळेल?"

"मिळेल," ठोकळ्या म्हणायचा. "लवकरच."

हे लवकरच म्हणजे आज दुपारी. एका प्रकाशन कंपनीच्या बाई जेवणानंतर येऊन खेळ बघणार होत्या. ठोकळ्यानं किती जणांकडे खेळ पाठवला, उत्तर देण्याची तसदी एकट्या यांनी घेतली. आणि ठोकळ्यानं या खेळापायी सगळं सोडलं होतं. आर्किटेक्टच्या ऑफिसात तो नकाशे काढायचा, बरी नोकरी, खिडकीजवळची जागा. एक दिवस साहेबाशी भांडून निघून आला. साहेब माणूस म्हणून चांगला. त्यानं निरोप पाठवला होता, सोमवारी यायचं तर ये, नाहीतर मी दुसरा घेतो. त्यावर ठोकळ्या बायकोला म्हणाला होता, "बाईंनी घेतला तर घेतला. नाही घेतला तर सोमवारी मुकाट्यानं जाऊन दुसऱ्यांच्या मोऱ्या आणि जिने काढत बसतो, मरेपर्यंत. पुन्हा खेळाचं नाव काढणार नाही." बायकोनं ताटं उचलली. ती हल्ली खेळाबद्दल काहीच बोलायची नाही.

शेजारच्या टेबलावर एक टोपीवाला होता. त्याचे मांजरांचे पत्ते. "आज तुमची परीक्षा वाटतं," तो म्हणाला. "शर्टाला इस्त्री बघूनच ओळखलं."

"परीक्षा कसली," मामा म्हणाला. "आमचं पोरगं पहिलंच येणार. मांजरं सांभाळ तू तुझी."

बाई आल्या त्या वेळेवर. पांढरे केस, पायात सपाट बूट, हातात काही नाही. बरोबर चार जण, तिघं पोरं आणि एक चष्मेवाली मुलगी. खेळ तपासायला यांनाच बसवतात म्हणे. ठोकळ्यानं खुर्च्या मागे ओढल्या आणि नेहमीच्या सवयीनं सगळ्यात खालच्या खुर्चीत बसायला गेला.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या.

"अं?"

"तुम्ही खेळायचं नाही. हे चौघं खेळतील. नियमांचं पुस्तक वाचून. तुम्ही इकडं माझ्याशेजारी उभे राहा. बोलायचं नाही, हात लावायचा नाही. उद्या खेळ विकला गेला तर तुम्ही डब्यातून निघून लोकांच्या घरी थोडेच जाणार?"

"नाही, बरोबर आहे," ठोकळ्या म्हणाला. त्याला हसू आलं. "बरोबर आहे."

"मीसुद्धा नाही का?" मामानं विचारलं.

"तुम्हीसुद्धा नाही."

दोघं उभे राहिले. ठोकळ्याला हात कुठं ठेवायचे कळेना. खिशात घातले, काढले, मागे बांधले. चौघांनी पुस्तक वाचलं. नीट लिहिलेलं होतं, कुणी अडखळलं नाही. ठोकळ्यानं मामाकडे बघून भुवई उडवली. चष्मेवाली वरच्या गावाला बसली होती. धरणात मणी पडले. तिनं दारावर बोट ठेवलं. मग काढलं. पुस्तकाचं पान मागे उलटलं, काहीतरी पुन्हा वाचलं, मान हलवली.

"मी दार उघडत नाही," ती म्हणाली. "पुढचा."

दुसऱ्या गावचा पोरगा म्हणाला, "माझ्याकडे पाणीच नाही. पास."

"पास," तिसरा.

"पास."

पुन्हा मणी पडले. चष्मेवालीनं घर बांधलं. दार बंदच.

"पास."

"पास."

"पास," चौथा म्हणाला आणि टोपीवाल्याच्या टेबलाकडे बघू लागला. तिकडं कुणीतरी म्यांव केलं होतं.

ठोकळ्या टेबलाकडे एक पाऊल सरकला. त्याला वाटलं, आता उघडेल. उघडायलाच पाहिजे तिला. धान्य कुठून आणणार? वरच्या गावाला जमीन खडकाळ, धान्य खालीच पिकतं, म्हणून वरच्याला खालच्यांची गरज. खेळाचं सगळं डोकं तिथंच होतं! त्यानं किती वेळा लोकांना ते समजावलं होतं, हात उडवून उडवून. पण धान्याशिवायही घर बांधता येतं, दुप्पट पाणी लागतं इतकंच. आणि ती बया दुप्पटच लावत होती. पाणी सगळं तिच्याचकडे तर होतं. कुणाला वाटून संपणार होतं?

"पास."

"पास."

"तुझं झालं की सांग," दुसरा पोरगा तिला म्हणाला. "मी पाणी पिऊन येतो. खरंखुरं."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

मामाला राहवलं नाही. "अगं पोरी," तो अगदी लाडानं म्हणाला, "खालच्यांचा पण विचार कर जरा. पोरं तहानली बघ तुझी."

"काका, मी जिंकतेय ना पण."

"जिंकतेस गं, पण—"

"बोलायचं नाही ठरलंय," बाई म्हणाल्या.

"पण असं नसतं करायचं!" हे ठोकळ्या ओरडला. आजूबाजूची दोन-तीन टेबलं गप्प झाली. "असं कुणी खेळतं का? मजा काय मग त्यात?"

चष्मेवालीनं त्याच्याकडे बघितलं. चिडून नाही. उलट जरा कीव केल्यासारखं, आणि त्यानं तो जास्तच पेटला.

"नियमात चालतं का नाही?" तिनं विचारलं.

"चालतं, पण—"

"मग केलं. मला वाटलं खाली कुणाकडे तरी उपाय असेल. दार फोडायचं वगैरे. म्हणून वाट बघत होते. यांच्याकडे काहीच नाही."

काहीच नव्हतं. तो उभा होता त्या जागेवरून ते ढळढळीत दिसत होतं. खाली तीन माणसं बसलेली, तिघांच्या हातात काही नाही.

"मी बदलतो," ठोकळ्या म्हणाला. "आत्ता. सोपंय. दार एका फेरीच्या वर बंद ठेवायचं नाही. बस. पुन्हा मांडा."

बाईंनी घड्याळ बघितलं, पण पोरांना मान डोलावली. पुन्हा मांडलं. चष्मेवालीनं एक फेरी दार बंद ठेवलं, मग पुढच्या फेरीत सगळे मणी आधीच घरांत घालून संपवले आणि रिकाम्या धरणाचं दार उघडलं. एकही मणी गेला नाही. पितळी पट्टीचं नुसतं खट्ट झालं.

"थांबा, थांबा. खालच्यांना दार फोडता येतं. तिघांनी मिळून."

फोडलं. मग वरच्यानं दार पुन्हा बसवलं. तिघांनी पुन्हा फोडलं. पुन्हा बसवलं. घरं कुणाचीच होईनात. एक पोरगा जांभई दाबायला गेला आणि ती नाकातून बाहेर पडली. ठोकळ्याचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो बोलत सुटला होता, असं केलं तर, तसं केलं तर, आणि एकेक थिगळ लावताना त्याचं त्यालाच दिसत होतं की कापडच फाटतंय.

"राहू दे," बाई म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. त्यापेक्षा त्या खेकसल्या असत्या तर बरं झालं असतं. "पाट फार सुंदर आहे. मणी, तो आवाज. पण वरचा माणूस चांगला असेल तरच हा खेळ चालतो. तुम्ही कुणाकुणाबरोबर खेळून बघितलाय?"

"घरच्यांबरोबर."

"परक्यांबरोबर?"

"सकाळपासून इथं तेच तर चाललंय!"

"आणि वर कोण बसत होतं?"

ठोकळ्यानं मामाकडे बघितलं. मामा चादरीची सुरकुती काढत होता.

"पुढं दुसरं काही केलंत तर दाखवा," बाई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, ठोकळ्यानं तो कसाबसा धरला. त्या चौघांना घेऊन निघाल्या, पण लांब गेल्या नाहीत. शेजारीच थांबल्या. टोपीवाल्यानं पत्ते पिसले आणि थोड्या वेळात तिकडं हसण्याचा गलका उठला. चष्मेवाली सगळ्यांत मोठ्यानं हसत होती.

ठोकळ्या खुर्चीवर बसला. बराच वेळ त्यानं पाटाकडे बघितलं. नदी तशीच, गावं तशीच. काल रात्री मामानं चारही दारांना तेल दिलं होतं, पितळ चकाकत होतं.

"कशी काय आली ही अवदसा माझ्याच टेबलावर," तो शेवटी म्हणाला. "सगळं जग दार उघडतंय, हिलाच सुचलं बंद करायचं."

मामानं पितळी पट्टीवरचा बोटांचा ठसा पुसला.

"घरी आई इतक्या वेळा खेळली. एकदा तरी केलं का तिनं असं? तू वर बसलास तेव्हा केलंस?"

"नाही."

"मग!"

"मग काय," मामा म्हणाला. त्यानं मणी गोळा करायला घेतले. "ठोकळ्या, एक सांगू का? चिडू नकोस."

"सांग."

"चिडतोस तू."

"अरे सांग की!"

"ताईला कळलं होतं ते. पहिल्या-पहिल्यांदाच. तू आत फोनवर होतास, तेव्हा ती म्हणाली, मी दार उघडलंच नाही तर काय होईल? आम्ही करून बघितलं. तुझी बायको, मी, ताई. काही होत नाही रे. नुसतं बसून राहायला होतं. मग तू बाहेर आलास आणि ताईनं दार उघडलं."

ठोकळ्याला क्षणभर हॉलमधलं काही ऐकूच येईना. शेजारच्या टेबलावर म्यांव करणाऱ्यांची नुसती तोंडं उघडमीट होताना दिसत होती.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"तिघांनाही."

"हो रे."

"आणि रोज रात्री बसत होता. रोज! मी मूर्खासारखा आकडे बदलतोय, मणी वाढवतोय, कमी करतोय, गावांची नावं ठरवतोय, आणि तुम्ही तिघं—" त्याचा आवाज चिरकला. "एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही?"

"बायकोनं उघडलं होतं. आठवतंय?"

आठवलं. आठवायला नको होतं. तिनं एकदा भांडी पुसता पुसता विचारलं होतं, वरच्यानं अडवलंच तर रे? आणि त्यानं हातातली वही भिंतीवर फेकली होती. तुला यातलं काय कळतं, तू मला खाली ओढायलाच बसली आहेस, असं काय काय बोलला होता. मग कितीतरी दिवस जेवायला वेगळा बसला. शेवटी आईनंच त्याला टेबलावर आणलं होतं, खेळ मांडून. "ये बाबा, खेळू. माझं दार उघडं आहे." त्याला तेव्हा वाटलं होतं, आपली बाजू आईला पटली.

"मग आम्ही ठरवलं," मामा म्हणाला. "म्हटलं खेळतोय तर खेळू दे. खूश असायचास रे तू. ऑफिसातून यायचास तेव्हा मेल्यासारखा चेहरा असायचा, आणि मणी सोडले की... ताई म्हणाली, कुणाचं काय बिघडतंय. आम्हाला काय माहीत तू नोकरी सोडून येशील. सोडून आलास, मग तर कुणाची छातीच होईना."

फोन वाजला. आईचा. ठोकळ्यानं तो वाजू दिला, मग उचलला, कारण नाही उचलला तर ती मामाला करणार.

"झालं का रे?" आई म्हणाली. मागे नळाचा आवाज. "काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या."

नळ बंद झाला.

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

 पलीकडे आई हळूच म्हणाली, "जेवलास का?"

"आई, का सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू रे. तू समोर बसलेला असायचास, सगळ्यात खाली, हात पसरून. तुझ्यापर्यंत पाणी आलं की तुझं तोंड कसं व्हायचं तुला काय ठाऊक." ती थांबली. "मला वाटलं, तुझं तुला सापडेल. हुशार आहेस."

"तुम्ही सापडू दिलंत का पण?"

"चिडू नकोस."

"चिडत नाहीये," ठोकळ्या म्हणाला, आणि खरंच चिडत नव्हता. चिडायला अंगात काहीतरी लागतं. "ठेवतो."

दुपार कलली तशी गर्दी ओसरली. एक बाई दोन लेकरांना घेऊन आली, आवाज ऐकला म्हणे सकाळी, खेळता येईल का? लेकरांची बोटं आधीच नदीत. ठोकळ्या म्हणाला, मोडलाय. बाईनं पाटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि लेकरांचे हात धरून गेली. मामानं कपाळावर हात मारला.

"अरे मी बसलो असतो वर."

"तेच तर."

"पोरं खेळली असती घटकाभर!"

"आणि घरी नेऊन? घरी कोण बसणार वर, तू?"

 मामा दुपारपासून उभा होता, त्याचे गुडघे दुखत असणार. खालच्या खुर्चीत तो धपकन बसला. ठोकळ्या उठला, टेबलाला वळसा घालून वरच्या खुर्चीत येऊन बसला. इतक्या वर्षांत वरच्या गावाला तो कधी बसलाच नव्हता. इथून पाट निराळाच दिसत होता. धरण एवढं जवळ, आणि खालची गावं लांब, बारकी, टेबलाच्या कडेला टेकलेली.

"खेळायचं का?" तो म्हणाला.

"आपण दोघंच?"

"हो."

मामानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग मधली दोन दारं त्यानं स्वतःच वर ओढून ठेवली, म्हणजे पाणी थेट त्याच्याकडे यावं. ठोकळ्यानं धरणात मणी ओतले. दारावर बोट ठेवलं आणि खाली दाबलं.

"तुझी पाळी."

"पास," मामा म्हणाला.

मणी ओतले. घर बांधलं.

"पास."

पलीकडं टोपीवाला त्याच्या बायकोला फोन करत होता, अगं घेतले, घेतले, खरंच, देवाशपथ. स्पीकरवरून कुणीतरी सांगितलं की हॉल बंद व्हायची वेळ झाली, सामान आवरा. पुढच्या रांगेतले दिवे गेले. ठोकळ्यानं पुन्हा मणी ओतले. मामानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. जाड बोटं, एका नखावर कारखान्यातला जुना काळा डाग. तो तक्रार करत नव्हता, हसत नव्हता, दाराकडे बघतही नव्हता. नुसता वाट बघत होता, पाळी आली की सांगत होता.

"पास."

एकदा म्हण ना, ठोकळ्याला वाटलं. एकदा म्हण, की हा फालतू खेळ आहे, उचल आणि चल. आत्ता तरी म्हण.

"पास," मामा म्हणाला.

सफाईवाला झाडू घेऊन रांगेच्या त्या टोकाला आला. धरणात आता मणी उरले नव्हते, सगळे ठोकळ्याच्या घरांत गेले होते. वरचं गाव घरांनी गच्च भरलं होतं, नवं ठेवायला जागा नव्हती.

"जिंकलास," मामा म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. त्यानं काळ्या चादरीचं एक टोक उचललं आणि थांबला, कारण दुसरं टोक धरायला ठोकळ्यानं उठायला हवं होतं. ठोकळ्या उठला नाही. मामा टोक धरून तसाच उभा राहिला.

"सोमवारी किती वाजता जायचंय?" त्यानं विचारलं.